कासच्या पठारावरचा ‘टूथब्रश’ उपटून घरी आणला तर का जगत नाही?

ऑर्किड म्हटलं की हॉटेलच्या रिसेप्शनवरची जांभळी फुलं आठवतात, नाहीतर झाडाच्या फांदीवर वाढलेली. पण काही ऑर्किड सरळ जमिनीत उगवतात, आणि त्यासाठी फार लांब जायला नको. सातारा पुरे.

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर गेलात तर गवतात जरा वाकून बघा. एका दांड्यावर छोटी पांढरी फुलं, सगळी एकाच बाजूला तोंड करून दाटीने बसलेली. अगदी दात घासायचा ब्रश! म्हणून नावच पडलं टूथब्रश ऑर्किड. शास्त्रीय नाव हॅबेनारिया हेनियाना. मराठीत ऑर्किडला ‘आमरी’ असा छान शब्द आहे, तो मात्र आपण विसरत चाललोय.

सुमारे १२०० मीटर उंचीवरचं हे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. त्यावर मातीचा थर इतका पातळ की मोठ्या झाडांना मुळं रोवताच येत नाहीत. सावली नाही, त्यामुळे छोट्या झाडांना भरपूर ऊन मिळतं. पण उन्हाळ्यात हाच कातळ तव्यासारखा तापतो. तेव्हा ही आमरी कुठे असते? जमिनीखाली, कंदाच्या रूपात झोपलेली. पाऊस पडला की पानं, मग फुलं, मग बी, आणि पुन्हा कंद.

खरी गंमत बियांची आहे. ऑर्किडचं बी धुळीच्या कणाएवढं असतं. गहू-हरभऱ्याच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, इथे ती जवळपास नसतेच. मातीतली ठरावीक बुरशी त्या बियाला अन्न पुरवते, तेव्हाच रोप धरतं. लाखो बिया उडाल्या तरी बुरशी भेटेल तिथेच पुढची पिढी.

म्हणूनच रोप उपटून कुंडीत लावलं तर बहुतेक वेळा ते मरतं. ती माती, ती बुरशी, तो पावसाळा आणि कोरडा काळ पिशवीत भरून आणता येत नाही. फूल तोडलं तर त्या वर्षीचं बी गेलं. आणि सेल्फीसाठी गवतात बसलात, तर शेजारची न फुललेली चार रोपं चिरडल्याचं कळतही नाही.

फोटो पायवाटेवरूनही छान येतो. मोबाईलला झूम असतोच की!