दिवा विझला, पण प्लग तापला का?

डिझेल इंजिनातील हीटर प्लगच्या सर्किटचे निदान

डिसेंबर-जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात पारा घसरला की द्राक्षबागायतदारांची चिंता सुरू होते. त्याच पहाटे दारात उभ्या असलेल्या डिझेल गाड्यांचीही परीक्षा असते. एरवी किल्ली फिरवताच सुरू होणारे इंजिन नुसतेच घरघरत राहते, मागून पांढरा धूर येतो, चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर बॅटरी मान टाकते आणि वेळेवर बाजारात पोचायचा माल दारातच राहतो. गॅरेजमध्ये मग ‘हीटर प्लग गेले’ असे निदान होते व चारही प्लग बदलले जातात. पुष्कळदा त्याने काम भागते. पुष्कळदा मात्र नवे प्लग बसवूनही दुसऱ्या पहाटे तोच प्रकार घडतो, कारण दोष प्लगमध्ये नसून प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या सर्किटमध्ये असतो. हे सर्किट तसे साधे आहे. ते क्रमाने तपासले तर दोष नेमका कोठे आहे हे साध्या मीटरनेही कळू शकते.

डिझेलला उष्णता कशासाठी?

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९२ मध्ये ज्या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे जी यशस्वी करून दाखवली, तिचे सार हेच की हवा पुरेशी दाबली तर ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले इंधन आपोआप पेट घेते. मोटारीच्या डिझेल इंजिनात हवा साधारणतः तिच्या मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते बाविसाव्या हिश्श्याइतकी दाबली जाते आणि तिचे तापमान कित्येकशे अंशांवर जाते.

थंड इंजिनात हे गणित बिघडते. गार लोखंड दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेते, घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन संथ फिरते आणि त्या संथपणामुळे काही हवा रिंगांजवळून निसटते. परिणामी हवा हवी तेवढी तापत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलीएवढी तापणारी कांडी बसवलेली असते. तीच ग्लो प्लग, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेतील हीटर प्लग.

सर्वच डिझेल इंजिनांना त्याची सारखी गरज नसते. १९९८ साली बाजारात आलेल्या टाटा इंडिकाच्या १.४ लिटर डिझेल इंजिनासारख्या जुन्या धाटणीच्या इंजिनांत इंधन आधी एका छोट्या उपकक्षात फवारले जाते. त्या कक्षाच्या भिंती बरीच उष्णता खातात, म्हणून तेथे प्लग अत्यावश्यक ठरतो. ज्या इंजिनांत इंधन थेट पिस्टनवरील पोकळीत फवारले जाते त्यांची गरज कमी असते. अनेक ट्रॅक्टर व ट्रक इंजिनांत हे प्लग नसतातच. म्हणून तपासणीपूर्वी आपल्या इंजिनात ते आहेत की नाहीत, हे वाहनाच्या पुस्तिकेवरून पाहून घ्यावे.

दिव्याचा गैरसमज

किल्ली ‘ऑन’ करताच डॅशबोर्डवर स्प्रिंगसारख्या वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो आणि काही सेकंदांनी विझतो. दिवा विझला म्हणजे प्लग तापले, अशी बहुतेकांची समजूत असते. फार जुन्या काही गाड्यांत ती खरीही होती. तेथे सर्व प्लग एकापुढे एक, माळेसारखे जोडलेले असत आणि डॅशबोर्डवरची तारही त्याच माळेत असे. एक प्लग तुटला की सारी माळ बंद पडे आणि ती तारही लाल होत नसे.

नंतरच्या गाड्यांत प्रत्येक प्लग स्वतंत्रपणे, समांतर जोडलेला असतो. दिवा लावण्याचे व विझवण्याचे काम टायमर किंवा कंट्रोल युनिट करते. इंजिनाचे तापमान पाहून ते ठरावीक सेकंद मोजते आणि दिवा विझवते. चारपैकी तीन प्लग जळालेले असले तरी अनेक गाड्यांत दिवा शिस्तीत लागतो आणि शिस्तीत विझतो. त्यामुळे दिवा ठीक आहे म्हणून सर्किट ठीक आहे, असे समजणे धोक्याचे.

लक्षणे काय सांगतात?

प्लगचा दोष फक्त थंड इंजिनाला त्रास देतो. सकाळी चालू न होणारी गाडी दुपारी गरम असताना एका सेल्फमध्ये सुरू होत असेल, तर संशय प्लगच्या सर्किटवर घेता येतो. गरम असतानाही त्रास असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

दुसरा साक्षीदार धूर. सेल्फ मारताना मागून उग्र वासाचा पांढरा धूर येत असेल तर इंधन सिलिंडरमध्ये पोचते आहे, पण पेटत नाही. धूर मुळीच नसेल तर बहुधा इंधनच पोचत नाही. पाइपात शिरलेली हवा, तुंबलेला फिल्टर किंवा इंधन बंद करणारा सोलेनॉइड आधी पाहावा. एखाद-दुसराच प्लग गेला असेल तर इंजिन सुरू होते, पण मिनिटभर खडखडत, लंगडत चालते आणि मग सुरळीत होते. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर व लंगडणे कायम राहिले तर कॉम्प्रेशन किंवा नोझलची तपासणी करावी लागेल.

बॅटरीलाही विसरून चालणार नाही. विश्रांतीनंतर चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळत असेल तर इंजिन पुरेशा वेगाने फिरणार नाही आणि उत्तम प्लगही निरुपयोगी ठरतील.

पहिले मोजमाप : वीज पोचते का?

निदानाचा गाभा एका प्रश्नात आहे. प्लगपर्यंत वीज पोचते की नाही? इंजिन पूर्ण थंड असताना मीटरचे काळे टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल टोक प्लगांना जोडणाऱ्या धातूच्या पट्टीला लावावे व सहकाऱ्याला किल्ली ‘ऑन’ करायला सांगावे. पट्टीवर बॅटरीच्या जवळपास, म्हणजे अकरा व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर पुरवठा ठीक आहे, आता प्लग तपासावेत. शून्य दिसले तर फ्यूज, रिले व वायरिंगकडे वळावे. बॅटरी चांगली असून आठ-नऊ व्होल्टच मिळत असतील तर वाटेत कोठेतरी सांधा गंजला आहे. या एका मोजमापाने निम्मे काम होते. ते न करता प्लग बदलणे म्हणजे अंधारात बाण मारणे.

प्लग मेला की जिवंत?

पुरवठा ठीक असेल तर किल्ली बंद करून ती पट्टी काढावी. पट्टी तशीच ठेवून मोजले तर चारही प्लगांचे एकत्रित माप येते आणि मेलेला प्लग जिवंतांच्या आड लपतो. पट्टी काढल्यावर प्रत्येक प्लगचे टोक व इंजिनाचे धातूचे अंग यांमधील रोध मोजावा. बारा व्होल्टच्या सर्वसाधारण प्लगचा थंड अवस्थेतील रोध साधारण अर्धा ते दीड ओहम असतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर आतील तार तुटली आहे. मीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असू शकतो. म्हणून दोन्ही टोके आधी एकमेकांना लावून तो आकडा वजा करावा आणि चारही प्लगांची आपसात तुलना करावी. इतरांपेक्षा वेगळा आकडा देणारा प्लग संशयित समजावा.

याहून खात्रीची कसोटी प्रवाहाची. एक प्लग सुरुवातीला सुमारे १५ ते २० ॲम्पियर प्रवाह घेतो. तापत जाईल तसा त्याचा रोध वाढतो आणि प्रवाह आठ-दहा ॲम्पियरपर्यंत उतरतो. डीसी प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर मुख्य वायरभोवती अडकवला की काहीही न खोलता चित्र स्पष्ट होते. एकूण प्रवाह अपेक्षेच्या तीन चतुर्थांश असेल तर एक प्लग गेला, निम्मा असेल तर दोन गेले. घरगुती विजेसाठीचा, केवळ एसी मोजणारा क्लॅम्प मीटर येथे उपयोगाचा नाही.

वीज पोचत नसेल तर

बॅटरीपासून निघालेली जाड वायर आधी मोठ्या फ्यूजकडे जाते. हा फ्यूज बहुधा पट्टीच्या आकाराचा असून त्याला पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना दाब मोजूनच खात्री करावी.

पुढे येतो रिले. किल्ली फिरवताच त्याचा ‘टक्’ असा आवाज आला तर त्याची चुंबकी गुंडाळी काम करते, एवढेच सिद्ध होते. आतील संपर्कबिंदू जळालेले असले तरी आवाज येतोच. म्हणून रिले लागलेला असताना त्याच्या आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या जाड टोकांमधील दाबाचा फरक मोजावा. निरोगी रिलेत हा फरक नगण्य असतो. आवाजच येत नसेल तर गुंडाळीला मिळणारा पुरवठा, टायमर आणि तापमानाचा सेन्सर तपासावेत. इंजिन गार असूनही सेन्सर ते गरम असल्याचा संदेश देत असेल तर टायमर प्लगांना वीज देणारच नाही. त्यात टायमरचा दोष नसतो.

गंजलेल्या सांध्याचा उपद्रव आकड्यांतून चांगला कळतो. सांध्याचा रोध केवळ ०.०५ ओहम आहे आणि त्यातून ४० ॲम्पियर प्रवाह वाहतो, असे समजू. तेथेच दोन व्होल्ट खर्च होतात आणि ८० वॅट उष्णता प्लगऐवजी सांध्यात निर्माण होते. प्लगला बाराऐवजी दहा व्होल्ट मिळाले की त्याची शक्ती सुमारे ७० टक्क्यांवर येते, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. मीटरवर दोन व्होल्टची घट किरकोळ वाटते, पण पहाटेच्या थंडीत तीच निर्णायक ठरते. इंजिनाकडून बॅटरीकडे परत येणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीलाही हाच न्याय लागू आहे.

प्लग पुन्हा पुन्हा का जळतात?

चारही प्लग एकदम जळाले तर रिले चिकटून राहिला आहे का, किंवा अल्टरनेटर जादा दाब देतो आहे का, हे पाहावे. एकाच सिलिंडरचा प्लग वारंवार जळत असेल तर त्या सिलिंडरचे नोझल बारीक फवारा करण्याऐवजी धार सोडत असण्याची शक्यता मोठी. मूळ कारण दूर केल्याविना बसवलेला नवा प्लगही त्याच वाटेने जातो.

नव्या गाड्यांत सावधगिरी

नव्या गाड्यांत कंट्रोल युनिट प्रत्येक प्लगवर स्वतंत्र नजर ठेवते आणि दोषाचा कोड नोंदवते. ‘पी ०६७१’ ते ‘पी ०६७४’ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरच्या प्लगच्या सर्किटसाठी आहेत. यातील ‘सर्किट’ हा शब्द महत्त्वाचा. कोड प्लगला दोषी ठरवत नाही. वायर, जोड किंवा कंट्रोल युनिटही कारण असू शकते.

या गाड्यांतील अनेक प्लग चार ते सात व्होल्टवर चालतात. कंट्रोल युनिट त्यांना क्षणभर पूर्ण दाब देऊन नंतर तुकड्या-तुकड्यांनी वीज पुरवते. त्यामुळे साध्या मीटरवर येणारा आकडा फसवा असतो. असा प्लग थेट बॅटरीला जोडून पाहिला तर तो काही सेकंदांत जळतो. प्लगवर छापलेला दाब वाचल्याखेरीज ही चाचणी करू नये. बारा व्होल्टचा प्लगही उघड्यावर तपासताना हातात न धरता पक्क्या चिमट्यात धरावा. त्याचे टोक आधी लाल व्हायला हवे. मधला भाग आधी लाल झाला तर प्लग सदोष समजावा.

आणखी दोन इशारे. गाडी सुरू होत नाही म्हणून हवेच्या वाटेत ईथरचा स्प्रे मारण्याची पद्धत हीटर प्लगच्या इंजिनात घातक आहे. तापलेल्या प्लगमुळे ईथर अवेळी भडकतो आणि पिस्टन, रिंगा, प्रसंगी माणूसही जायबंदी होतो. दुसरे म्हणजे, वर्षानुवर्षे न हललेला प्लग जोर लावून फिरवला तर हेडमध्येच तुटतो आणि काहीशे रुपयांचे काम हेड उतरवण्यापर्यंत जाते. इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारे तेल मुरवून, थोडे सोडत थोडे परत आवळत प्लग काढावा. नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळावा.

मुंबई किंवा कोकणपट्टीत फिरणाऱ्या गाडीचे दोन प्लग जळालेले असले तरी वर्षभर ते मालकाच्या ध्यानी येत नाही. तेथील उबदार हवा दोष झाकते आणि गाडी महाबळेश्वरी किंवा निफाडला मुक्कामी गेली की तो उघडा पडतो. म्हणून दिवाळीच्या सुमारास, थंडी पडण्यापूर्वीच पट्टीवरचा दाब, चारही प्लगांचा रोध आणि अर्थिंगचा सांधा तपासून घ्यावा. अर्ध्या तासाच्या या मोजमापाने नाहक बदलले जाणारे प्लग, बॅटरी व स्टार्टर वाचतात आणि पहाटेचा मालही वेळेवर निघतो.