शून्य रुपयांचं तिकीट

अमळनेरहून धुळ्याकडे निघालेली साधी गाडी. पंच्याहत्तरी ओलांडलेली आजी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं आधार कार्ड काढते. "कथा जानं शे माय?" कंडक्टर विचारतो. "धुयाले." कंडक्टर कार्डावरचं जन्मसाल बघतो, मशीनची दोन-तीन बटणं दाबतो आणि कर्रकर्र करत कागदाची पट्टी बाहेर येते. कुठून, कुठे, किती वाजता, सगळं त्यावर छापलेलं असतं. रकमेच्या जागी असतं शून्य.

पैसे घ्यायचेच नाहीत, तर तिकीट कशाला फाडायचं? मला हा प्रश्न पडला आणि उत्तर शोधता शोधता मी एका अफाट यंत्रणेच्या दारात जाऊन उभा राहिलो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरच्या प्रवाशांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना निम्म्या दरात तिकीट मिळू लागलं. ही सवलत राज्य सरकारची आहे, एसटीची नाही. एसटीने आधी आजीला पोहोचवायचं, मग तिच्या भाड्याची रक्कम सरकारकडे मागायची, असा हा व्यवहार. मागायची तर पुरावा हवा. आजीच्या हातातली ती शून्याची पट्टी म्हणजे मंत्रालयाच्या नावाने फाडलेलं बिल आहे! आजी ती घडी करून बटव्यात ठेवते. तिची नोंद मशीनमधून आगारात, तिथून विभागात आणि पुढे मुंबईला जाते.

तिकिटावर आकडा असतो तेव्हा तोही एसटीच्या एकटीच्या मर्जीचा नसतो. साध्या गाडीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर मोजतात. डिझेल, चासी, टायर आणि कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता यांचा खर्च किती हलला, यावरून भाडेवाढीचं सूत्र ठरलेलं आहे. तरी शेवटची मान्यता द्यायची ती राज्य परिवहन प्राधिकरणाने. २५ जानेवारी २०२५ पासूनची १४.९५ टक्क्यांची वाढ अशीच तिथून मंजूर होऊन आली. शिवाय तिकिटाच्या पैशातून साडेसतरा टक्के प्रवासी कर सरकारकडे जातो. म्हणजे एकाच गाडीत सरकार एका प्रवाशाचे पैसे भरतं आणि दुसऱ्याच्या पैशातून कर घेतं. गाडी थांबते एका झाडाखाली, पण तिचे हिशेब किती ठिकाणी फिरून येतात!

गाडीकडेच नीट बघा. जळगाव जिल्ह्याच्या गाड्यांचा क्रमांक एमएच १९, धुळ्याचा एमएच १८. पण आपल्या स्टँडवर उभ्या असलेल्या लालपरीवर बहुतेक वेळा एमएच १४, एमएच २० नाहीतर एमएच ४० दिसतं. एसटी अनेक वर्षं नुसती चासी विकत घेत आली आणि तिच्यावरचा सांगाडा स्वतःच्या मध्यवर्ती कार्यशाळांत चढवत आली. अशा कार्यशाळा तीन: पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरची चिकलठाणा आणि नागपूरजवळ हिंगणा. गाडी जिथे बांधली तिथला क्रमांक तिच्या कपाळी लागतो. पत्रा कापणारा हिंगण्याचा कारागीर, ब्रेक तपासणारा अमळनेरच्या आगारातला मेकॅनिक आणि स्टिअरिंगवरचा ड्रायव्हर हे तिघं कधी एकत्र भेटत नाहीत. आजीचा जीव मात्र तिघांच्याही हातात असतो.

या सगळ्याच्या मुळाशी १९५० चा रस्ते वाहतूक महामंडळ कायदा आहे. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एसटी धावली, त्यानंतर दोनच वर्षांनी तो आला. त्यातली दोन कलमं मला फार विलक्षण वाटतात. कलम १८ म्हणतं, महामंडळाने लोकांना कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि एकमेकांशी नीट जुळलेली वाहतूक पुरवावी. कलम २२ म्हणतं, कारभार व्यापारी तत्त्वांवर चालवावा. आगार व्यवस्थापकाच्या टेबलावर रोज सकाळी ही दोन्ही कलमं समोरासमोर येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या गावाला जाणाऱ्या फेरीचं भारमान, म्हणजे गाडीच्या क्षमतेच्या मानाने बसलेले प्रवासी, घसरलेलं असतं. एका कलमाप्रमाणे ती फेरी बंद करावी, दुसऱ्याप्रमाणे चालू ठेवावी. जळगाव विभागात चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंत आणि रावेरपासून चाळीसगावपर्यंत अकरा आगारं आहेत. धुळे विभागात नंदुरबार जिल्हा धरून नऊ. या वीस टेबलांवर हा झगडा वर्षानुवर्षं चालू आहे आणि माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनातल्या सगळ्यात महत्त्वाच्या झगड्यांपैकी तो एक आहे.

या झगड्यातून निघालेली सर्वांत सुंदर युक्ती म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळची शेवटची फेरी गावात पोहोचते ती माघारी जात नाही. रात्री रिकामी परत नेली आणि पहाटे रिकामी आणली तर डिझेल जळेल आणि कमाई शून्य. एसटीवाले त्याला डेड किलोमीटर म्हणतात. म्हणून गाडी गावातच झोपते. जुनी गाडी असेल तर जाणता ड्रायव्हर ती उताराकडे तोंड करून लावतो, म्हणजे पहाटे बॅटरीने दगा दिला तरी गाडी ढकलून चालू करता येते. कंडक्टर दिवसभराची रोकड उशाशी घेऊन आडवा होतो. मग प्रश्न येतो, हे दोघं झोपणार कुठे? इथे ग्रामपंचायत या कारभारात भागीदार होते. कुठे समाजमंदिराची खोली, कुठे शाळेचा व्हरांडा, कुठे गाडीतलंच लांब बाकडं. ज्या गावाने प्यायचं पाणी, दिवा आणि संडासाची सोय केली, त्या गावाला मुक्कामी गाडी जपता येते. जिथे चालक-वाहकांचे हाल होतात तिथे ती ड्यूटी नकोशी होते, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

पहाटे तीच गाडी दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली भाजी आणि कॉलेजची पोरं घेऊन तालुक्याला निघते. वाहक दोनदा घंटी देतो.

पोरींसाठी आणखी एक गाडी आहे, निळ्या रंगाची. मानव विकास कार्यक्रमात राज्यातले १२५ मागे पडलेले तालुके निवडले आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतले तालुके त्यात आहेत. प्रत्येक तालुक्याला आधी पाच आणि नंतर सात बस दिल्या गेल्या. गावातून शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत त्यातून फुकट नेतात. कोणाचं काय आहे ते बघा: पैसे राज्याच्या नियोजन विभागाचे, जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, ड्रायव्हर आणि डिझेलची टाकी एसटीची, वेळापत्रक मात्र शाळेच्या घंटेचं. शाळेने सकाळची वेळ अर्ध्या तासाने बदलली आणि आगाराला कळवलं नाही, तर एवढी मोठी योजना फाट्यावर उभ्या असलेल्या मुलींच्या काही उपयोगाची राहत नाही. मुख्याध्यापकांच्या एका पत्राला या कारभारात सचिवाच्या सहीइतकं वजन आहे. हे फार थोड्या मुख्याध्यापकांना कोणी सांगितलेलं असतं.

पायाखालचा रस्ता तरी एकाचा असावा? तोही नाही. धुळ्याला सुरत-नागपूर, मुंबई-आग्रा आणि सोलापूरकडून येणारा असे तीन महामार्ग भेटतात. ते राष्ट्रीय महामार्गवाल्यांचे. त्यावरून उतरून तालुक्याकडे वळलं की सार्वजनिक बांधकाम विभाग. फाट्यावरून गावाकडे गेलं की बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषद. पावसाळ्यात नाल्यावरच्या मोरीचा कठडा वाहून गेला की आगार गाडी फाट्यापर्यंतच नेतं. लोक एसटीला बोल लावतात, पण मोरी दुरुस्त करणारं कार्यालय निराळंच असतं.

फाट्यावर मग काळी-पिवळी उभी असते. तिच्याशी एसटीचं नातं कायद्यात दोन शब्दांत बांधलेलं आहे: टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक. वाटेत थांबत, माणशी वेगळं भाडं घेत प्रवासी नेणं ही टप्पा वाहतूक. नेमलेल्या मार्गांवर तो हक्क एसटीचा. काळी-पिवळीचा परवाना कंत्राटी, म्हणजे एका ठिकाणाहून सगळी गाडी ठरवून दुसरीकडे जाण्याचा. प्रत्यक्षात तीही माणशीच घेते, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण रात्री आठला बाळंतिणीला घेऊन जायला तीच सापडते, म्हणून तिला नुसती बेकायदा म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. काळी-पिवळीच्या परवान्याच्या अटी आणि रिक्षाचं भाडं ठरवणारं प्रादेशिक परिवहन प्राधिकरण जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बसतं; पोलीस आणि आरटीओ त्यात असतात.

नोव्हेंबर २०२१ मध्ये हे सगळं नातं उलटंपालटं झालं. शासनात विलीनीकरण करा, या मागणीसाठी एसटी कर्मचाऱ्यांचा संप पेटला तो थेट एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात सरकारने अधिसूचना काढून खासगी बस, स्कूल बस आणि मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची मुभा दिली. एरवी ज्यांना स्टँडच्या आसपासही उभं राहू देत नाहीत, त्या गाड्या भर स्टँडावरून भरून निघाल्या. गाड्या, रस्ते, डिझेल, परवाने सगळं जागच्या जागी होतं. फक्त ड्रायव्हर-कंडक्टर नव्हते. या कारभारातला त्यांचा वाटा किती मोठा आहे, हे तेव्हा गावोगाव दिसलं.

आणि प्रवासी? तो या टेबलावर कुठे बसतो? १९५० च्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये सल्लागार मंडळांची तरतूद आहे. २०२४ पासून आगारात 'प्रवासी राजा दिन' भरवायला सुरुवात झाली. विभाग नियंत्रक स्वतः येऊन तक्रारी ऐकतात. पण माझ्या मते सगळ्यात जड कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव. "आमच्या गावाला बस द्यावी" एवढंच लिहिलेला ठराव फायलीत पडून राहतो. किती मुलं कोणत्या शाळेत जातात, शाळा किती वाजता भरते, किती पास निघतील, गाडी वळवायला जागा कुठे आहे, मुक्कामाची सोय काय, हे लिहिलेला ठराव व्यवस्थापकाच्या हातात कलम १८ आणि कलम २२ या दोन्हींचं उत्तर ठेवतो. त्याची एक प्रत बांधकाम विभागाला आणि एक शाळेला गेली तर आणखी उत्तम.

शहरांत आता नवा डाव मांडला जातोय. २०२३ मध्ये जाहीर झालेली पीएम ई-बस सेवा योजना तीन लाखांवरच्या लोकसंख्येच्या शहरांसाठी आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या पुढे आणि धुळे पावणेचार लाखांवर होतं. तीन ते पाच लाखांच्या शहराला जास्तीत जास्त ५० बस मिळतात. यात बस खासगी कंपनीची, तिला पैसे मिळणार धावलेल्या किलोमीटरवर. नऊ मीटरच्या बसला केंद्र किलोमीटरमागे २२ रुपये देणार, दहा वर्षं. डेपोची जागा महापालिकेची. वीज येणार वितरण कंपनीकडून. लंडनच्या लाल बस अशाच चालतात: मार्ग आणि भाडं सार्वजनिक संस्था ठरवते, गाड्या कंपन्या चालवतात. रिक्षांच्या जोरावर चाललेल्या जळगावात महापालिकेला यातून मार्ग आखण्याचं, म्हणजे कोणती वस्ती कशाला जोडायची ते ठरवण्याचं काम मिळेल. परिवहनातला हा सगळ्यात मोठा अधिकार आहे.

त्यात एक पेच आत्ताच दिसतो. जळगावच्या हजारो विद्यार्थ्यांना रोज जावं लागतं ते बांभोरीला, गिरणेच्या पलीकडे, जिथे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. ते गाव महापालिकेच्या हद्दीबाहेरचं, तालुकाही धरणगाव. नाशिकची सिटीलिंक बससेवा शहर ओलांडून सिन्नर आणि त्र्यंबकेश्वरला जाते, म्हणजे हे अशक्य नाही. पण त्यासाठी महापालिका, एसटीचा जळगाव विभाग, जिल्हाधिकारी आणि विद्यापीठ यांना एका बैठकीत बसावं लागेल. मार्गांचा नकाशा कागदावर असतानाच ही बैठक व्हायला हवी. एकदा करारात किलोमीटर लिहिले गेले की गिरणेचा पूल ओलांडायला पुन्हा नवी फाईल उघडावी लागेल.