वाळ्याचे जैविक बांध: धूप नियंत्रणाचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण

उतारावरील शेतात पावसाच्या थेंबांच्या आघाताने मातीचे कण सुटे होतात आणि वाहते पाणी ते सोबत नेते. १ हेक्टर क्षेत्रावर ५० मिमी पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. त्यातील न जिरलेले पाणी उताराने वेग घेते. वेग दुप्पट झाल्यास तेवढ्याच पाण्याची गतिज ऊर्जा चौपट होते. म्हणूनच धूप नियंत्रणात पाण्याचा वेग मोडण्यास अग्रक्रम द्यावा लागतो.

म्हैसूरच्या गोकुलम भागातून दक्षिणेकडे निघाल्यास पुढे गुंडलुपेट तालुका लागतो. तेथील शेतकऱ्यांनी बांधांवर वाळ्याच्या रांगा पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. दाट रांगेत पाणी मंदावते, पसरते आणि हळूहळू झिरपते. गाळ वरच्या बाजूस साचतो व कालांतराने तेथे नैसर्गिक पायरी तयार होते. या गवताची मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. त्यामुळे शेजारच्या पिकाशी त्यांची स्पर्धा कमी राहते.

मात्र रांग समपातळीत आणि सलग असणे अत्यावश्यक आहे. रांग तिरपी असेल, तर पाणी तिच्या कडेने धावते; फट राहिल्यास सर्व पाणी तेथे एकवटून घळ पडते. हे कौशल्य व्याख्यानाने येत नाही, हातानेच शिकावे लागते.

प्रशिक्षणाचे टप्पे

१. ए-फ्रेमची पारख: चौकटीचे दोन्ही पाय दोन खुंट्यांवर ठेवून ओळंब्याची दोरी आडव्या पट्टीला जेथे छेदते तेथे खूण करावी. पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांचा मध्य हीच समपातळीची खूण होय.

२. आखणी: दोरी मध्यखुणेवर येईल असा पुढचा पाय टेकवीत, प्रत्येक ठिकाणी खुंटी ठोकत पुढे जावे. प्रत्येक प्रशिक्षणार्थीने किमान एक ओळ स्वतः आखावी.

३. लागवड: पावसाळ्याच्या आरंभी, जमीन ओली असताना, दोन-तीन फुटव्यांचे ठोंब १० ते १५ सेंमी अंतरावर लावावेत. दक्षिण भारतीय प्रकारास रुजणारे बी सहसा धरत नाही, त्यामुळे तो तणासारखा पसरत नाही. रोपे घेताना प्रकाराची खात्री करून घ्यावी.

४. तपासणी: मोठ्या पावसानंतर रांगेच्या वरील व खालील पाणी दोन पारदर्शक बाटल्यांत भरून स्थिर ठेवावे. तळाशी बसलेल्या गाळाची तुलना केली की रांग किती काम करते हे दिसते. फटी त्याच हंगामात भरून काढाव्यात.

कीटकशास्त्रीय लाभ

दक्षिण आफ्रिकेतील संशोधनात मक्यावरील खोडकिड्याचे (कायलो पार्टेलस) पतंग अंडी घालण्यासाठी वाळ्याला पसंती देतात, पण त्यावर अळ्या जगत नाहीत, असे आढळले आहे. त्यामुळे वाळा सापळा पीक म्हणूनही उपयोगी ठरू शकतो. तथापि, मुख्य पिकातील किडींचे नियमित सर्वेक्षण थांबवू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी लागवडीच्या दिवशीच प्रशिक्षण संपले असे मानू नये. रांग दाट होण्यास दोन-तीन हंगाम लागतात. त्या काळात प्रत्येक पावसाळ्यात त्याच शेतकऱ्यांसह त्याच ओळीवर पुन्हा जाणे, हा प्रशिक्षणाचाच भाग समजावा.