आधी कागद, मग कुंचला, मग रंग

एलिमेंटरी-इंटरमिजिएट न दिलेला माणूस महाराष्ट्रात सहज सापडेल. त्यातली एकही परीक्षा कुणीच न दिलेलं घर सापडणं कठीण. कला संचालनालयाच्या या रेखाकला परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या हाती पोस्टर कलरच्या बाटल्या दिल्या, दहावीला वाढीव गुण दिले आणि बऱ्याच जणांची चित्रकला तिथेच संपवलीही. तीच मंडळी आता पन्नाशी-साठीत पुन्हा रंगांच्या दुकानाची पायरी चढताना दिसतात आणि काउंटरवर पोचल्यावर त्यांची पंचाईत होते. एका बाजूला बारा जलरंगांची अख्खी पेटी शंभर रुपयांच्या आसपास, तर शेजारच्या कपाटात त्याच निळ्याची एकटी नळी कितीतरी पट महाग. घ्यायचं काय?

बहुतेक जण मोठी पेटी उचलतात, ती जेवढ्या जास्त रंगांची तेवढी बरी. त्यासोबत पन्नास पानांची ड्रॉइंग वही. चित्र फसलं की मग ‘आपल्या हातात कला नाही’ म्हणून मोकळे. हात बिचारा निर्दोष असतो, घोळ वहीचा असतो. स्वस्त रंगात चांगलं चित्र निघू शकतं, स्वस्त कागदावर मात्र महागातला रंगही रडतो. म्हणून हौशी माणसाने काटकसर उलट्या क्रमाने करावी: सगळ्यात जास्त रंगांवर, थोडी कुंचल्यावर आणि कागदावर शक्यतो नाहीच.

कारण साधं आहे. जलरंगात प्रकाश पांढऱ्या रंगाने आणत नाहीत, कागदाचा पांढरेपणाच पारदर्शक थरांतून वर दिसतो. सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. हाताच्या आडोशाने दिवा जपणारी ती स्त्री, तिच्या बोटांतून झिरपणारा लालसर उजेड आणि मागचा गडद अंधार पाहून कुणालाही ते तैलचित्र वाटावं. आहे ते जलरंगातलं. असे थरावर थर सोसायला कागद तसा लागतो.

वहीतला कार्ट्रिज कागद पेन्सिलीसाठी उत्तम, पण भरपूर पाणी पडलं की तो पापडासारखा वळतो. दुकानात विचारायच्या गोष्टी दोनच. पहिली, वजन: ३०० जीएसएम असेल तर कागद ताणून चिकटवण्याची भानगड उरत नाही. दुसरी, लगदा: लाकडाचा की कापसाचा. कापसाच्या कागदाला जिलेटिनची किंवा तत्सम खळ दिलेली असते. तिच्यामुळे रंग लगेच आत मुरत नाही, काही मिनिटं वर ओला राहतो आणि तेवढ्या वेळात आभाळ रंगवून होतं.

हा फरक घरी तपासता येतो. दोन्ही कागदांचे हातभर तुकडे घ्या, कडेने मास्किंग टेप लावा, साध्या पाण्याने सारखे भिजवा आणि वरून अल्ट्रामरीनचा एक पट्टा ओढा. लाकडाच्या कागदावर पट्ट्याचं दुसरं टोक गाठेपर्यंत पहिलं वाळायला लागतं आणि तिथे एक कडक रेघ उमटते, जी नंतर काही केल्या जात नाही. कापसाच्या कागदावर निळा सावकाश पसरतो, कडा विरत जातात. वाळल्यावर ओल्या कुंचल्याने त्याच जागी आठ-दहा वेळा घासा. हलक्या कागदाला लव सुटते, बारीक गोळे कुंचल्याला लागतात. चांगला कागद रंगाचा थोडा भाग परत देतो आणि खाली शाबूत राहतो. शेवटी कडेची मास्किंग टेप काढा. कागदाचा पापुद्रा टेपसोबत आला तर त्या कागदाला रामराम. (हार्डवेअरच्या दुकानातली टेप स्वस्त असते, पण जास्त चिकट. आधी एकदा पँटवर चिकटवून काढली की तिचा जोर उतरतो.)

पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि हातकागदाचं नाव काढलं की आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच. फक्त एवढं बघावं की हातकागद म्हणजे आपोआप जलरंगाचा कागद नव्हे. पाकळ्या, गवत घातलेला लग्नपत्रिकांचा कागद दिसतो सुरेख, पण त्याला जलरंगासाठीची खळ नसेल तर रंग पडताक्षणी तो पाणी टिपून घेतो आणि डाग चारी बाजूंना फुटतो.

महाग कागद परवडवण्याचा मार्ग म्हणजे पॅड न घेता सुटा ताव घेणं. २२ बाय ३० इंचांच्या पूर्ण तावाचे आठ तुकडे होतात, प्रत्येक साडेसात बाय अकराचा. मागची बाजूही सरावाला चालते. म्हणजे एका तावात सोळा चित्रं.

आता रंग. आपल्याकडे शाळकरी रंग म्हणजे कॅमल. दिगंबर आणि गोविंद दांडेकर या बंधूंनी १९३१ मध्ये मुंबईत घोडा छाप शाईपासून सुरू केलेला हा व्यवसाय. उंट पुढे आला. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. याच काय, कुठल्याही कंपनीचे ‘स्टुडंट’ आणि ‘आर्टिस्ट’ असे दोन दर्जे असतात. बांधणारा पदार्थ दोन्हींत बहुधा तोच, बाभळीच्या जातीच्या झाडांचा डिंक. फरक रंगद्रव्याचा. स्वस्त नळीत ते कमी आणि भरताड जास्त, त्यामुळे दोन-तीन रंग मिसळले की मिश्रण दुधाळ होतं.

पण सगळ्या रंगांना हे सारखं लागू नाही. यलो ऑकर, बर्न्ट सिएना, इंडियन रेड हे मातीचे, लोहाच्या संयुगांचे रंग. ते मुळातच स्वस्त, त्यामुळे स्टुडंट दर्जातही चांगले मिळतात. अल्ट्रामरीनची गंमत तर औरच. एकेकाळी तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून काढत आणि युरोपात त्याचा भाव सोन्याशी स्पर्धा करी. १८२८ च्या सुमारास फ्रान्समध्ये तो कारखान्यात बनू लागला आणि आज तो पेटीतल्या सर्वांत स्वस्त रंगांपैकी एक आहे. याउलट कॅडमियम, कोबाल्ट महागच. स्वस्त नळीवर त्यांच्या नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेलं असेल तर आत दुसरंच द्रव्य आहे असं समजा. त्यात फसवणूक नाही, फक्त माहीत असलेलं बरं.

नळीवरच्या नावापेक्षा बारीक अक्षरातला रंगद्रव्याचा क्रमांक वाचावा. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, मग कंपनी कोणतीही असो. पीआर ८३ दिसला तर ती नळी परत ठेवा: हा ॲलिझरिन क्रिमसन, मुळात मंजिष्ठेच्या कुळातल्या वनस्पतीच्या मुळांतला, १८६८ मध्ये प्रयोगशाळेत साधलेला. दिसायला राजस, पण उन्हात विटतो. त्याऐवजी पीव्ही १९ घ्या, तो टिकतो. क्रमांकच छापलेला नसेल तर उन्हाची परीक्षा आहेच. एका पट्टीवर सगळे रंग ओढायचे, अर्धी पट्टी काळ्या कार्डाने झाकायची आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवून द्यायची. मार्चमध्ये लावलेली पट्टी जूनमध्ये उघडली की कोण पाहुणा आणि कोण घरचा ते कळतं. झगमगीत फ्लुरोसंट गुलाबी आणि बरेचसे ब्रश-पेन पहिल्या फेरीतच बाद होतात. वहीत मिटून ठेवायचं असेल तर वापरा खुशाल, फ्रेम करून मावशीला द्यायचं असेल तर नको.

कुंचला एकच घ्यायचा तर आठ किंवा दहा नंबरचा गोल, सिंथेटिक. दुकानात पाणी मागायचं, कुंचला बुडवून खळ घालवायची आणि मनगटाला एक झटका द्यायचा. केस आपोआप टोकाला जुळले तर घ्या. ‘ओरिजिनल केस’ म्हणून टोकाला काळपट, मधे फिकट आणि मुळाशी पुन्हा तपकिरी असा कुंचला पुढे केला तर मात्र सावध व्हा, कारण ते मुंगसाचे केस असू शकतात. मुंगसाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्याच्या केसांचा कुंचला विकणं आणि जवळ बाळगणंही गुन्हा आहे. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने याच कुंचल्यांसाठी देशभर छापे घातले होते. आजचे सिंथेटिक इतके चांगले आहेत की या भानगडीत पडायचं काही कारण नाही.

बाकीचं सामान घरातलं. पॅलेटऐवजी चिनी मातीची पांढरी बशी, बोर्डऐवजी मुलांचा परीक्षेचा पॅड, दोन बरण्या आणि जुन्या सुती धोतराचा तुकडा. कुंचला बरणीत उभा ठेवू नये, एवढं पथ्य पाळावं. टोक वाकतं आणि पत्र्याच्या आतला डिंक सुटून केस गळू लागतात.

रंग सहा पुरेत: एक उबदार पिवळा, एक गार पिवळा, पीव्ही १९, अल्ट्रामरीन, एक हिरवट निळा आणि बर्न्ट सिएना. पेटी घेण्याऐवजी ते सुट्या नळ्यांत घ्यावेत. पुण्यात अप्पा बळवंत चौकात किंवा मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला फिरलं तर मिळतात. एक सुटी नळी आणि कागदाचा एकच ताव मागितला की काही दुकानदार तोंड वाकडं करतात, तरी मागावं.