गाडीत जीपीएस बसविताना डॅशबोर्ड जपावा

लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंत या भागातून सायंकाळी निघालेली भाजीपाल्याची पिकअप गाडी कसारा घाट उतरून पहाटेपूर्वी वाशीच्या घाऊक बाजारात पोचावयाची असते. चालक नवखा असेल तर रात्रीच्या वेळी वाट विचारण्यास रस्त्यावर मनुष्य भेटत नाही, आणि एखादे वळण चुकले तर माल उशिरा पोचून भाव हातचा जातो. भाड्याने नांगरणी करून देणारा ट्रॅक्टरमालकही आता किती क्षेत्र नांगरले हे उपग्रहांच्या साहाय्याने मोजतो व त्यावरून आपली मजुरी ठरवितो. अशा रीतीने जीपीएस हे दिशादर्शक यंत्र, मग ते स्वतंत्र असो वा मोबाईलमधील असो, शेतकऱ्याच्या उपयोगाचे झाले आहे. ते घ्यावे की नाही हा प्रश्न आता उरलेला नाही. ते गाडीत कोठे व कसे बसवावे, हा प्रश्न मात्र अद्याप पुष्कळ ठिकाणी दुर्लक्षित राहिला आहे.

सामान्यतः असे आढळून येते की, नवे यंत्र घेतल्याच्या उत्साहात गाडीमालक जवळच्या दुकानात जातो, दुकानदार डॅशबोर्डला दोन भोके पाडतो आणि स्क्रू पिळून होल्डर पक्का करतो. काम दहा मिनिटांत होते. वर्ष-दोन वर्षांनी यंत्र बदलते, नव्या यंत्राचा होल्डर निराळ्या मापाचा निघतो, आणि पुन्हा दोन भोके पडतात. यंत्राचे आयुष्य थोडे, गाडीचे त्याहून कितीतरी अधिक. थोड्या दिवसांच्या वस्तूसाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या वस्तूस कायमची इजा करणे हे शहाणपणाचे नव्हे.

भोक का पाडू नये

डॅशबोर्ड म्हणजे नुसती प्लॅस्टिकची फळी नव्हे. तिच्या मागे विजेच्या तारांचे जुडगे, हवा वाहून नेणाऱ्या नळ्या आणि पुष्कळ गाड्यांत एअरबॅग बसविलेली असते. वरून यांपैकी काहीच दिसत नाही. ड्रिलचे टोक तारेला लागले तर तिचे आवरण फाटते. दोष त्याच दिवशी उघडकीस येईलच असे नाही. गाडीच्या हादऱ्यांनी तार स्क्रूवर घासत राहते आणि पुढे केव्हातरी फ्यूज जातो, किंवा शॉर्टसर्किट होऊन गाडी पेट घेण्याचाही संभव असतो. शिवाय उन्हाने तापून व थंडीने आकसून प्लॅस्टिकला भोकाच्या कडेपासून बारीक तडा जातो, तो दिवसेंदिवस लांबत जातो आणि गाडी विकावयाच्या वेळी गिऱ्हाईक प्रथम त्याकडेच बोट दाखविते.

जागेची निवड

होल्डर कोणताही असो, जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली गोष्ट आकाशाची. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचे संदेश जमिनीवर पोचेपर्यंत अत्यंत क्षीण झालेले असतात, आणि आपली जागा निश्चित करण्यासाठी यंत्रास एकाच वेळी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळावे लागतात. काचेतून हे संदेश येतात, पत्र्यातून येत नाहीत. म्हणून यंत्र समोरच्या काचेजवळ, वर आकाश मोकळे असेल अशा ठिकाणी असावे. काचेवर धातूचा मुलामा असलेला कागद चिकटविला असल्यास संदेश आणखी दुबळे होतात.

दुसरी गोष्ट नजरेची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. चालकाने दोन सेकंद मान खाली घातली तर तेवढ्यात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या अवधीत रस्त्यावर बैलगाडी आहे की लेकरू आहे हे त्यास कळत नाही. यास्तव यंत्र मांडीजवळ किंवा गिअरपाशी ठेवू नये. त्याचप्रमाणे ते काचेच्या मध्यभागीही लावू नये, कारण तेथे ते रस्ताच झाकते. काचेचा खालचा कोपरा किंवा डॅशबोर्डचा वरचा कडेचा भाग ही योग्य जागा होय. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्यानेही अशीच मर्यादा घालून दिली आहे. तेथे चालकाच्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ५ इंच चौरस आणि दुसऱ्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात ७ इंच चौरस एवढीच जागा अशा यंत्रास वापरता येते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून अमलात आलेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालविताना हातातील यंत्राचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही चालकाचे चित्त विचलित होणार नाही अशा रीतीने करण्यास मुभा आहे. यंत्र हातात धरून चालविणे सर्वथा वर्ज्य समजावे.

तिसरी गोष्ट एअरबॅगची. ज्या भागावर एअरबॅगची खूण किंवा अक्षरे असतील त्यावर वा त्याच्या समोर काहीही बसवू नये. अपघाताच्या वेळी एअरबॅग डोळ्याचे पाते लवण्याच्या आत फुगते आणि तिच्या वाटेत असलेला होल्डर दगडासारखा तोंडावर आदळतो.

चौथी गोष्ट उन्हाची. २०१८ साली अमेरिकेतील ॲरिझोना येथे केलेल्या पाहणीत, उन्हाळ्यात तासभर उन्हात उभ्या केलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचे दिसून आले. आपल्या विदर्भ-मराठवाड्यातील वैशाख याहून सौम्य नसतो. अशा उष्णतेने डिंक पातळ होतो, रबर सैल पडते आणि यंत्रातील बॅटरी बिघडते. म्हणून गाडी उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावे. त्यामुळे चोरीचे भयही राहत नाही.

भोक न पाडता बसविण्याचे मार्ग

रबरी चोषक. बाजारात यास सक्शन कप म्हणतात. तो दाबला की आतील हवा निघून जाते आणि बाहेरील हवेचा दाब, जो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, त्यास काचेशी घट्ट धरून ठेवतो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या चोषकाचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे पाव किलोच्या यंत्रास पकड पुरेपूर आहे. तरीही तो गळून पडतो, कारण कडेने हवा आत शिरते. डॅशबोर्डचा पृष्ठभाग खरबरीत असतो, म्हणून त्यावर चोषक टिकत नाही. तो काचेवरच लावावा. लावण्यापूर्वी काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. रबरावर धूळ बसली असल्यास ते कोमट साबणपाण्याने धुवावे. आठवड्यातून एकदा चोषक काढून पुन्हा दाबून बसविल्यास ऐन घाटात यंत्र पायाशी पडण्याची आपत्ती टळते.

चिकटपट्टी. काचेवर लावणे सोयीचे नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या फोमच्या पट्टीने गुळगुळीत चकती डॅशबोर्डवर बसवावी व तिच्यावर चोषक किंवा होल्डर लावावा. डॅशबोर्ड चकाकावा म्हणून फासलेल्या पॉलिशचा तेलकट थर राहिल्यास कोणतीही पट्टी धरत नाही. म्हणून जागा प्रथम साबणपाण्याने स्वच्छ करून पूर्ण वाळवावी. पट्टी अर्धा मिनिट जोराने दाबून धरावी आणि पहिले २४ तास तिच्यावर भार देऊ नये. पूर्ण पकड येण्यास सुमारे तीन दिवस लागतात. हिवाळ्यात पहाटेच्या गारठ्यात हे काम करू नये, दुपारी करावे.

वजनदार बैठक. वाळू भरलेल्या व खाली न सरकणारे रबर असलेल्या पिशवीवर होल्डर बसविलेला असतो. ती डॅशबोर्डवर नुसती ठेवावयाची असते, म्हणून भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या गाडीत ही पद्धत सोयीची पडते. मात्र डॅशबोर्डचा माथा सपाट असेल तरच ती वापरावी. जोराच्या धडकेत ही पिशवी जागा सोडून उडते हे लक्षात ठेवून घाटरस्त्याच्या नित्य वाहतुकीसाठी तिच्यावर विसंबू नये.

हवेच्या जाळीवरील चिमटा. हा स्वस्त व सोपा असतो, परंतु जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. जड मोबाईल व खडबडीत रस्ता एकत्र आले की पट्टी मोडते, आणि ती बदलण्यासाठी कित्येकदा सबंध जाळीच बदलावी लागते. हलक्या यंत्रापुरताच याचा उपयोग करावा.

याखेरीज गाडीत मुळातच असलेल्या स्क्रूचा किंवा आसनाच्या बोल्टचा आधार घेऊन बसविण्याच्या पट्ट्याही मिळतात. जड पडद्याच्या यंत्रास ही पद्धत सर्वांत भरवशाची होय. जुना बोल्ट काढून त्याच भोकातून पट्टी घ्यावयाची, नवे भोक पाडावयाचे नाही. लांबी कमी पडल्यास त्याच जातीचा थोडा लांब बोल्ट घ्यावा आणि आसनाचा बोल्ट जाणत्या कारागिराकडूनच पुन्हा आवळून घ्यावा.

ट्रॅक्टरवर बसविताना

ट्रॅक्टरवर धूळ, ऊन, पाऊस व हादरे या चारही गोष्टी गाडीपेक्षा अधिक असतात. येथे चोषक व चिकटपट्टी फार दिवस टिकत नाहीत. छताच्या नळीला इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा क्लॅम्प आवळून त्यावर होल्डर बसविणे उत्तम. क्लॅम्प व नळी यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा. त्याने रंग खरवडत नाही आणि हादराही थोडा शोषला जातो. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाचे रक्षण करणारी जी मजबूत चौकट काही ट्रॅक्टरांवर असते, तिला भोक पाडणे किंवा वेल्डिंग करणे कटाक्षाने टाळावे. भोकाने व वेल्डिंगने तिची ताकद कमी होते, आणि नेमक्या त्या प्रसंगी ती दगा देते.

इंजिनाच्या तीव्र हादऱ्यांमुळे मोबाईलच्या कॅमेऱ्यात बिघाड होऊ शकतो, अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ साली मोटारसायकलवर फोन लावणाऱ्यांस दिली होती. ट्रॅक्टरवर नित्य मोबाईल लावणाऱ्यांनीही हादरे शोषणारा रबरी जोड असलेला होल्डर घ्यावा. वेगळा अँटेना असल्यास तो छताच्या वर, मध्यभागी ठेवावा. छत पत्र्याचे असेल तर चुंबकाच्या बैठकीचा अँटेना भोकाशिवाय घट्ट बसतो.

वीजजोडणी

यंत्र नीट बसविले पण वायर लोंबकळत राहिली तर केलेले श्रम व्यर्थ जातात. वायर स्टिअरिंग, गिअर व पायाखालच्या पॅडलपासून दूर, डॅशबोर्डच्या कडेने न्यावी आणि ठिकठिकाणी लहान क्लिपांनी अडकवावी. काचेलगतच्या खांबाच्या आवरणाखाली एअरबॅग असल्यास तेथून वायर नेऊ नये. वीज शक्यतो चार्जरच्या सॉकेटमधूनच घ्यावी. मूळ तार सोलून तिला दुसरी तार गुंडाळण्याची रीत धोक्याची आहे. कायम जोडणी करावयाचीच असेल तर ती फ्यूजसह, जाणत्या वायरमनकडून करून घ्यावी. पिकअप व ट्रॅक्टर यांत सामान्यतः १२ व्होल्टची आणि मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्टची बॅटरी असते, म्हणून चार्जर घेताना त्यावरील आकडा अवश्य वाचावा.

काढावयाची वेळ आल्यास

चिकटविलेली चकती स्क्रूड्रायव्हरने किंवा ब्लेडने उचकटू नये, तसे केल्यास डॅशबोर्डची सालच निघते. केस वाळविण्याच्या यंत्राने ती थोडी कोमट करावी अथवा गाडी काही वेळ उन्हात उभी करावी. तद्नंतर नायलॉनचा बारीक पण मजबूत दोरा चकतीच्या मागे घालून करवतीसारखा सावकाश पुढे-मागे ओढावा. उरलेला डिंक बोटाने चोळून गोळा करावा व साबणपाण्याने पुसावा. पेट्रोल, रॉकेल किंवा थिनर यांचा उपयोग मुळीच करू नये. त्यांनी डिंक निघतो खरा, परंतु प्लॅस्टिकचा रंग व तुकतुकीही जाते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

हा विषय व्याख्यानापेक्षा प्रात्यक्षिकाने लवकर पटतो. बाजाराच्या आदल्या दिवशी गावातील दोन-चार गाड्या एकत्र उभ्या कराव्यात. चालकास आसनावर बसवून, पट्टा लावून, हात स्टिअरिंगवर ठेवावयास सांगावे. दुसऱ्याने यंत्र निरनिराळ्या जागी धरून दाखवावे आणि रस्ता न झाकता ते कोठे सहज दिसते हे चालकानेच सांगावे. जागा ठरल्यावरच होल्डर लावावा. तद्नंतर गाडी शिवाररस्त्याने दोन किलोमीटर फिरवून आणावी व पकड सैल झाली की काय ते पाहावे. जायचे ठिकाण गाडी सुरू होण्यापूर्वीच यंत्रात भरावे आणि चालत्या गाडीत वाट ऐकावी, पाहावी कमी, हा नियम प्रत्येक चालकाच्या मनावर बिंबवावा.

शेतकऱ्याची गाडी हे त्याच्या घामाचे धन आहे, आणि ती चालविणारा पुष्कळदा त्याचाच भाऊ किंवा मुलगा असतो. होल्डर भोकाविना बसविला तर गाडी शाबूत राहते. तो योग्य जागी बसविला तर चालक शाबूत राहतो. बसविण्यापूर्वी अर्धा तास विचार करण्यात घालविला तर या दोन्ही गोष्टी साधतात, आणि बाजारातून परतणाऱ्या गाडीची वाट पाहणाऱ्या घरास निश्चिंत झोप लागते.