आंब्यावरील काळ्या डागांमागचे रसायन

बाजारातून पारखून आणलेला पिवळाधमक मानकुराद दोन-तीन दिवसांत काळ्या डागांनी भरतो आणि बोल विक्रेत्याला लावला जातो. वास्तविक या रोगाची लागण बहुधा फळ झाडावर असतानाच झालेली असते. बागायतदार ज्याला ‘करपा’ म्हणतात तो हा रोग कोलेटोट्रायकम नावाच्या बुरशीमुळे होतो. अवकाळी पाऊस आणि दमट हवा लाभली की तिचे बीजाणू मोहोरावर व कोवळ्या फळांवर रुजतात.

बुरशीला तोंड नसते. अन्न शरीराबाहेरच पचवायचे आणि मग शोषून घ्यायचे, ही तिची रीत. त्यासाठी ती विकरे, अर्थात एन्झाइम, बाहेर सोडते. फळाच्या सालीवर क्युटिन व मेण यांचे जलरोधक कवच असते. त्यातील क्युटिनचे बंध क्युटिनेज हे विकर तोडते. या विकराचे सामर्थ्य पप्पाचन कोलाट्टुकुडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. केवळ जखमेतूनच पपईत शिरू शकणाऱ्या एका बुरशीत त्यांनी दुसऱ्या बुरशीचे क्युटिनेजचे जनुक घातले, तेव्हा ती धडधाकट सालीतूनही आत शिरली. अर्थात, कोलेटोट्रायकम केवळ विकरावर विसंबत नाही. सालीला चिकटलेल्या काळसर पेशीतील प्रचंड दाबाचीही तिला मदत होते.

आत शिरल्यावर मात्र ती थबकते. कच्च्या आंब्याच्या सालीतील रिसॉर्सिनॉल वर्गातील द्रव्ये तिची वाढ रोखून धरतात. फळ पिकू लागले की ही द्रव्ये घटतात आणि दबा धरून बसलेली बुरशी जागी होते. पेशींना परस्परांशी जोडून ठेवणारे पेक्टिन हे तिचे पुढचे लक्ष्य. पेक्टेट लायेज हे तिचे विकर आम्लात नीट काम करीत नाही. म्हणून ती अमोनिया सोडून भोवतालची आम्लताच कमी करते! पेक्टिन विरघळले की पेशी सुट्या होतात, गर खचतो, डाग पसरतो. पिकणारे फळ स्वतःच्या विकरांनीही मऊ होतच असते. बुरशीला ते सोयीचेच.

म्हणूनच डाग दिसल्यावर केलेल्या उपायांचा फारसा उपयोग नसतो. बंदोबस्त मोहोराच्या वेळीच करावा लागतो. काढणीनंतर लगेच फळे साधारण ५० ते ५५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवल्यास सालीतील बुरशी बऱ्याच अंशी मरते. शीतगृहात ती मरत नाही, केवळ मंदावते. फळ बाहेर काढून पिकू लागले की विकरांचे काम पुन्हा सुरू होते.