सस्पेन्स खात्यातले आकाश

बँकेत ज्याने नोकरी केली आहे, त्याला सस्पेन्स खाते समजावून सांगावे लागत नाही. ज्या रकमेचा उलगडा होत नाही ती तिथे टाकायची आणि सवडीने शोध घ्यायचा. टाकणे सोपे असते. शोध मागे पडतो. आकाशाच्या हिशेबातही एकदा असेच घडले.

आपल्या डोक्यावर साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा थर आहे. सूर्याची जहाल अतिनील किरणे तो अडवतो. ऑक्टोबर १९७८ मध्ये 'नासा'ने सोडलेला 'निंबस-७' उपग्रह हा ओझोन रोज मोजू लागला. १८० एककांहून कमी आकडा आला की संगणक त्यावर 'संशयित' असा शिक्का मारी. कारण इतका कमी ओझोन कुणी पाहिलाच नव्हता. ऑक्टोबर १९८३ च्या नोंदी तपासताना अंटार्क्टिकावर अशा शिक्क्यांची रांगच दिसली. ताळा पाहण्यासाठी दक्षिण ध्रुवावरच्या केंद्राचे आकडे घेतले, तर तिथे सारे नेहमीसारखे! चुकत होते ते जमिनीवरचे यंत्र, पण हे नंतर कळले.

तोवर मे १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हॅली केंद्रावरची मोजमापे 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केली. तिथला ऑक्टोबरातला ओझोन सुमारे एकतृतीयांशाने घटला होता. उपग्रहाचे आकडे फेकून दिले होते, असे आजही सांगतात. ते खरे नाही. शिक्का मारलेल्या नोंदी जपलेल्या होत्या. म्हणूनच त्याच ऑगस्टमध्ये पवन भरतिया यांना त्या प्राग येथे मांडता आल्या. विवर एका केंद्रावरचे नव्हते, सबंध खंडावर पसरले होते.

दोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, माँट्रियल करार झाला. जुन्या फ्रिजमधले क्लोरोफ्लुरोकार्बन वायू नुसते ओझोनच खात नाहीत, पृथ्वीची उष्णताही कोंडून ठेवतात. त्यांना आवर घातल्याने तापमानवाढीलाही थोडा लगाम बसला. ओझोन घटल्याने तो थर थंड झाला आणि दक्षिण गोलार्धातले पश्चिमी वारे ध्रुवाकडे सरकले. वरच्या मजल्यावरची गळती खालच्या ऋतूंपर्यंत पोचते, ती अशी.

अंटार्क्टिकावरचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला सुमारे २०६६ साल उजाडेल, असा अंदाज आहे. ती शिल्लक आपली नातवंडे पाहतील. तोवर रोजची नोंद चालू राहिली पाहिजे, आणि नकोसा आकडा आला तर तो खोडण्याआधी कुणीतरी पुन्हा तपासला पाहिजे.